संगणकीय मानके आणि आपली मराठी अक्षरे
(माथेरान येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संगणकाचा विषय एखाद्या तरुण अभियंत्याकडे न सोपवता कार्यकारी मंडळाने तो आमच्यासारख्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिककडे का सोपवला, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतकेच की, आज जे सांगावयाचे आहे ते यंत्राविषयी जितके आहे त्याहून अधिक अक्षरांविषयी आहे. आणि मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यातच आमचे आयुष्य गेले आहे. संगणकाच्या व्यवहारातील आंतरराष्ट्रीय मानके म्हणजे काय, त्यांचे मोल कोणते आणि आपल्या ज्ञातीने त्यांची दखल का घ्यावी, हे आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

मानक म्हणजे सर्वांनी मिळून मान्य केलेले प्रमाण. ते समजून घेण्यासाठी दूर जावयास नको. डोंगराच्या पायथ्याशी नेरळ स्थानक आहे. तेथे मुंबईहून पुण्याकडे जाणारा रुंद मार्ग आहे. त्याच्या दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट. शेजारीच माथेरानचा मार्ग सुरू होतो. त्याचे अंतर अवघे दोन फूट. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेला हा मार्ग १९०७ साली खुला झाला. मुंबईची गाडी या मार्गावर चढू शकत नाही आणि माथेरानची गाडी कर्जतला जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक उतारूस व प्रत्येक गाठोड्यास नेरळला उतरावेच लागते. दोन मापे एकत्र आली की मध्ये हमाल लागतो, हा या स्थानकाचा पहिला धडा होय.

परंतु दुसराही धडा आहे. हा मार्ग हट्टाने अरुंद केलेला नाही. डोंगराची तीव्र वळणे रुंद रुळांना मानवली नसती. म्हणजे स्थानिक गरज खरी असेल तर वेगळे माप घ्यावे. मात्र ते वेगळे मापही आपल्यापुरते निर्माण केलेले नव्हते. १८८१ साली सुरू झालेला दार्जिलिंगचा मार्गही दोन फुटांचाच आहे. त्यामुळेच पुढे दार्जिलिंगचे एक वाफेचे इंजिन माथेरानच्या रुळांसाठी आणता आले. कोठे हिमालय आणि कोठे सह्याद्री! माप एक होते म्हणूनच हे साधले.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी गावोगावची पायली निराळी असे, शेर व मण यांतही फरक असे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांतील वादाचे एक कारण नाहीसे झाले. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मानक संघटना १९४७ सालापासून हेच कार्य जगासाठी करीत आहे. आपल्याच जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले; तेथे उतरणारी पोलादी पेटी कोणत्याही देशाच्या जहाजात, आगगाडीच्या वाघिणीवर व मालमोटारीवर बसते, कारण तिची मापे आणि तिला पकडावयाचे कोपरे सर्वत्र सारखे आहेत. पेटीत काय भरावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पेटीचे माप मात्र जगाने मिळून ठरविले आहे.

आता संगणकाकडे वळू. संगणकास क, ख, ग कळत नाही. त्यास केवळ आकडे कळतात. तेव्हा कोणत्या अक्षरास कोणता आकडा द्यावयाचा, हे आधी ठरावे लागते. इंग्रजी अक्षरांचे आकडे अमेरिकेत १९६३ सालीच ठरले. देवनागरीच्या वाट्याला मात्र बराच काळ अराजक आले. नागरी अक्षरांचे निरनिराळे टंक तयार करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने नागरी आकृत्या बसविल्या. एकाने जेथे 'म' बसविला तेथे दुसऱ्याने एखादी वेलांटी बसविली. पडद्यावर मजकूर मराठी दिसे. संगणकाच्या पोटात मात्र तो निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग असे. तोच टंक ज्याच्याजवळ नाही त्याला तो ढीगच दिसे.

हे दुःख आपल्या मंडळानेही भोगले आहे. जुन्या स्मरणिकांतील कुटुंबांची माहिती नव्या यादीत घ्यावी म्हणून आम्ही एका छापखान्याकडून जुना मजकूर मिळविला. चकती शाबूत होती, मजकूरही शाबूत होता; परंतु उघडून पाहता एकही नाव वाचता येईना. टंक बदलला होता आणि तो बसविणारा कारागीर दुसरीकडे गेला होता. अखेर छापील प्रती समोर ठेवून तरुण मंडळींनी सर्व नावे पुन्हा बोटांनी उतरविली. कागद जपून ठेवला होता म्हणून निभावले. ज्यांनी कागदही ठेवला नसेल त्यांच्या पूर्वजांची नावे कोण सांगणार?

या अराजकावरचा उपाय प्रथम आपल्याच देशात शोधला गेला. भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेतावली १९९१ साली प्रसिद्ध केली; पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय अक्षरे संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. त्याच १९९१ साली जगातील सर्व लिप्यांना एका कोष्टकात बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी भारतीय संकेतावलीच्या १९८८ च्या आराखड्यावरच आधारलेली होती. १९९३ पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे मानक आणि युनिकोड परस्परांशी जुळवून चालविले जातात. या कोष्टकात 'क' चा क्रमांक २३२५ आणि आपल्या 'ळ' चा २३५५. माथेरानला, टोकियोला अथवा न्यूयॉर्कला, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर २३५५ म्हणजे 'ळ' च. आज आपली नात परदेशातून भ्रमणध्वनीवर 'आजोबा, कसे आहात?' असे मराठीत लिहिते आणि ते येथे जसेच्या तसे उमटते, ते या कराराच्या बळावर. यादीत नाव शोधता येते, नावे अकारविल्हे लावता येतात, दृष्टिहीन बांधवास यंत्र मजकूर वाचून दाखवू शकते, हेही त्यामुळेच.

येथे कोणी विचारील की, परदेशी मंडळींनी ठरविलेले प्रमाण आपण का स्वीकारावे? त्यात आपल्या मराठीचे वैशिष्ट्य बुडणार नाही काय? शंका योग्य आहे, म्हणून उदाहरणे पाहू. माथेरानभोवती 'दऱ्या' आहेत आणि पलीकडे कोकणात 'दर्या' आहे. या दोन 'र्‍या'-'र्या'तील भेद हिंदीस लागत नाही, आपणांस लागतो. मानकात त्याची सोय आहे. 'ॲ' हे अक्षर आपण लिहितो. त्यास २००८ च्या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले, आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचे जे प्रमाणीकरण केले त्यातही ते आले. आपला 'ल' व 'श' हिंदीहून निराळ्या वळणाने लिहिले जातात. मानक केवळ अक्षराचा क्रमांक ठरविते, वळण टंकावर सोपविते. म्हणजे क्रमांकात एकी आणि वळणात स्वातंत्र्य. इतकेच नव्हे, तर ज्या मोडीत आपल्या पूर्वजांनी दस्त लिहिले, त्या मोडीसही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. जो आपली गरज पुराव्यानिशी मांडतो त्याचे ऐकले जाते. जो घरी बसून कुरकुरतो त्याचे अक्षर बाहेर राहते.

तथापि मानकाकडून भलती अपेक्षा धरू नये. नाव चुकीचे लिहिले तर ते जगभर चुकीचेच पोहोचेल. एकाच घराण्याचे आडनाव तीन दाखल्यांवर तीन प्रकारे लिहिलेले असेल, तर यंत्र त्यांस तीन घराणी समजेल. विवेक, पडताळा आणि आस्था ही माणसानेच पुरवावी लागतात. मानक हमालाचा खर्च वाचविते. गाठोडे बांधण्याचे काम आपलेच.

म्हणून आम्ही ज्ञातीपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, मंडळाची सभासदसूची, वंशावळी व यापुढील प्रत्येक स्मरणिका युनिकोडमध्येच टंकलिखित व्हावी, आणि छपाईचे काम देतानाच मजकूर त्या स्वरूपात परत मिळेल अशी अट घालावी. दुसरी, आपल्या मुलामुलींनी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत, आणि एकदा शिकला की अन्य भारतीय लिप्यांनाही तीच मांडणी उपयोगी पडते. सुट्टीत शाखांनी याचे वर्ग काढावेत. शिक्षकांची वाण आपल्या ज्ञातीत नाही. तिसरी, ज्या घरी मोडीतील जुनी कागदपत्रे असतील त्यांनी ती वाळवी लागण्यापूर्वी बाहेर काढावीत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि जाणकारांकडून वाचून नागरीत उतरवून घ्यावीत. मूळ कागद मात्र ज्याचा त्याने जपावा. यंत्रावर चढविले म्हणून कागद रद्दीत घालण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

खालापूर-कर्जतच्या खेड्यांतून निघालेली आपली कुटुंबे आज मुंबई, पुणे आणि सातासमुद्रापलीकडे विखुरली आहेत. पूर्वी एका वाड्यातील एका वहीत सर्वांची नावे मावत होती. आता ती वही सर्वांस एकाच वेळी, कोठूनही वाचता यावयाची असेल, तर तिची अक्षरे सर्वांच्या यंत्रांस कळणारी असली पाहिजेत. पुढील संमेलनापर्यंत प्रत्येक शाखेने आपली यादी या रीतीने पूर्ण करून मध्यवर्ती मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंती आहे. वृद्धांनी नावे सांगावीत, तरुणांनी ती लिहावीत. काम दोघांचे आहे आणि दोघे एकत्र बसल्याखेरीज ते होणारही नाही.