चेटकिणीला काय हवं होतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा एकच अट घातली होती. "वकिलीणबाई, कोर्टातला काय सांगू नको. शाळेतला कायतरी मजेचा बोल." म्हणून मी विषय निवडला चेटकीण. कुणीही आपल्या शेजारणीकडे बघू नये. (हशा)

आमची दहावी 1996 ची. म्हणजे दूरदर्शनवर रविवारी डिस्नेची कार्टून हिंदीत यायची, त्या काळातली आमची पिढी. 'डक टेल्स' आठवतं ना? त्याचं शीर्षकगीत या सभागृहातल्या निम्म्या लोकांना आजही तोंडपाठ असेल, बीजगणिताची सूत्रं मात्र विचारू नका. अंकल स्क्रूज नावाचं ते म्हातारं, कंजूष बदक. त्याचे ह्यूई, ड्यूई, लूई हे तीन नातू. आणि तिजोरी म्हणजे अख्खी इमारत. त्या इमारतीत नाण्यांचे ढीग आणि त्या ढिगांत स्क्रूज सूर मारून पोहणार. आपण जानवली नदीच्या कोंडीत मारायचो तसा!

याच मालिकेत एक चेटकीण होती. मॅजिका डी स्पेल. काळा झगा, काळे केस, सोबत एक कावळा. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर तिचं घर. ती यायची, धुराचे बॉम्ब फोडायची, रूपं बदलायची आणि दर वेळी हरून जायची. तिला स्क्रूजच्या तिजोरीतलं सोनं नको होतं. तिला हवं होतं एकच नाणं. स्क्रूजने लहानपणी स्कॉटलंडमध्ये एका माणसाचे बूट पुसून कमावलेलं पहिलं नाणं, अमेरिकेतली एक डाइम, म्हणजे दहा सेंट. स्कॉटलंडच्या बाजारात त्याचं काहीच मोल नव्हतं. आपल्याकडचा दुकानदार सकाळची भवानी कपाळाला लावून वेगळी ठेवतो, तसं स्क्रूजने ते नाणं आयुष्यभर काचेखाली जपलं. मॅजिकाला ते वितळवून ताईत करायचा होता, म्हणजे ती हात लावेल त्याचं सोनं होईल.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत यावर आमच्या वर्गात वाद झाला होता. आमच्यातला एकजण, नाव सांगत नाही, तो पहिल्या रांगेत बसलाय आणि आता मोठा व्यापारी आहे, भाबडेपणाने म्हणाला, "त्या म्हाताऱ्याकडे एवढे पैशे आसत, मगे तिका एक दिल्यान तर काय बिघाडता?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न वकिली सुरू केल्यावर फार वेळा आठवला. गोष्टीत एकाकडे इमारतभर पैसा आहे आणि एका बाईला एक नाणं हवंय. त्यात हावरट ठरते ती बाई. स्क्रूज कंजूष, पण लाडका. मॅजिका मात्र चेटकीण.

या मॅजिकाच्या जन्माची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कार्ल बार्क्स नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1961 साली स्क्रूजच्या चित्रकथांसाठी तिला काढलं. त्याआधी डिस्नेची गाजलेली चेटकीण होती ती 1937 च्या 'स्नो व्हाइट'मधली. ती राणी दिसायला सुंदर, पण विषारी सफरचंद घेऊन निघते तेव्हा ती काय होते? पाठीला पोक आलेली म्हातारी! बार्क्सने ठरवलं की आपली चेटकीण तशी कुरूप करायची नाही. म्हणून मॅजिका तरुण, ठसकेबाज आणि नटलेली. 1987 साली ती 'डक टेल्स' मालिकेत आली, तिला आवाज दिला जून फोरे या अभिनेत्रीने, आणि तिथून ती आपल्या कणकवलीच्या घराघरांत पोचली.

आता आपल्या चित्रकलेच्या बाईंची आठवण सांगते. त्या आज इथे नाहीत, याची हुरहुर आहे. आठवीत त्यांनी एकदा विषय दिला होता, 'चेटकीण'. चाळीसेक चित्रं झाली. बाईंनी ती सगळी दोरीवर चिमट्यांनी लावली आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. जवळपास प्रत्येक चित्रात तेच: पिकलेले मोकळे केस, वाकलेली पाठ, पडलेले दात, हातात काठी, रिकामं कपाळ. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात जादू कुठे आहे? तुम्ही सगळ्यांनी म्हातारपण काढलंय. ही तर माझी आजी आहे." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: एकटी, म्हातारी, विधवा. आणि विचारलं, "यातला गुन्हा कुठला?"

मित्रांनो, पुढे कायद्याच्या कॉलेजात मी अनेक मोठी व्याख्यानं ऐकली, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला.

आपल्या कोकणात भुतांची काही वाण नाही. हडळ आहे, जखीण आहे, देवचार तर आपला राखणदारच. पण एक फरक ध्यानात घ्या. हडळ, जखीण ही मेलेल्या बायकांची भुतं. त्यांना कुणी काहीही म्हटलं तरी त्यांचं काय जाणार? चेटकीण मात्र जिवंत असते. तिला घर असतं, परसात चार माडं असतात, सातबाऱ्यावर नाव असतं. म्हणून 'चेटकीण' हा शब्द गोष्टीतून बाहेर पडला की कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो.

गोष्टीत तो शब्द किती मजा देतो! रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण आठवा. आधी दिलीप प्रभावळकर आणि 2018 च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले, दोन्ही पुरुष. पोरं किंचाळतात आणि पुन्हा पुन्हा बघायला जातात. आपल्या दशावतारात तर सगळ्याच बायका पुरुष होतात. रात्री राक्षसीण होऊन थयथयाट करणारा बाबा सकाळी बाजारात भेटला की आपण त्याला "चाय घेतलंत?" म्हणून विचारतो. संकासुराला बघून आईच्या मागे लपलेलं पोर दुसऱ्या दिवशी त्याच्याच चालीची नक्कल करत फिरतं. सोंग हे सोंग आहे, हे आपल्या पोरांना जत्रेतच कळतं. आणि आपल्या पुराणातली पूतना? ती रूपवती होऊन आली, विष पाजायला आली, तरी शेवटी भागवताने तिला आईची गती दिली आणि आपण तिला 'पुतना मावशी' म्हणून नात्यात घेतलं. दुष्टपणा तोंडावरून ओळखता येत नाही, हे आपल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

संयोजकांनी घातलेली अट मी इथे थोडीशी मोडणार आहे. पाच मिनिटं कोर्टातली.

काही वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात एक आजी आल्या. गावाचं नाव सांगणार नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, राहायला एकट्या. झाडपाल्याची थोडी माहिती, त्यामुळे बाळंतिणी आधी त्यांच्याकडेच यायच्या. शेजारच्या घरातल्या गायीचं दूध आटलं. मग त्याच घरातल्या नातवाला ताप भरला. मग कुणीतरी कुजबुजलं की म्हातारीने करणी केली. त्यानंतर विहिरीवर त्यांची कळशी बघून बायका मागे सरायला लागल्या. मी वकिलाच्या सवयीने विचारलं, "आजी, जमिनीचं काय?" आणि सामायिक काजूच्या बागेची कथा निघाली. त्यांचा हिस्सा कुणाला हवा होता हे मला दोन वाक्यांत कळलं.

इथे मला आपल्या वर्गातला तो प्रश्न आठवला. कार्टूनमध्ये दुसऱ्याच्या बरकतीवर डोळा असतो तो चेटकिणीचा. खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा उलट असतं. बरकतीवर डोळा दुसऱ्याचाच असतो आणि चेटकीण हे नाव तिच्या माथी मारलेलं असतं.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. तो काय किमतीला आला हे आपण विसरू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आयुष्य वेचलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. होय, गुरांचं दूधसुद्धा त्यात लिहिलेलं आहे! करणी-चेटकाच्या नावाखाली कुणाला मारहाण केली, रोजच्या व्यवहारांत अडवलं, तर तोही गुन्हा. शिक्षा किमान 6 महिने, कमाल 7 वर्षं, शिवाय 5 हजारांपासून 50 हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तुमच्यापैकी कुणी सरपंच आहे, कुणी पोलीस पाटील, कुणी मुख्याध्यापक. एवढं पाठ करून ठेवा.

मी आजींना हे सगळं समजावलं. म्हटलं, तक्रार करू, भरपाईचंही बघू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाये, माका पैशे नको. माझ्या दारात भजन येवक व्हया."

तुम्ही सगळे इथलेच. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. चतुर्थीत भजन वाडीतल्या घराघरांत फिरतं. टाळ-मृदंग अलीकडच्या घरात वाजतात, पलीकडच्या घरात वाजतात, आणि मधल्या एका घरात पेटवून ठेवलेली समई तशीच जळत राहते. याला कुठला दंड, कुठलं कलम लावणार? पण माणसाला वाळीत टाकण्याचा याहून धारदार प्रकार मी पाहिलेला नाही.

मी त्या वाडीतल्या चार जाणत्या माणसांना बोलावून घेतलं. आधी कायदा वाचून दाखवला, कारण गोडीने बोलण्याआधी तो टेबलावर असलेला बरा. मग दुधाबद्दल बोलले. त्या शेजाऱ्याला म्हटलं, तुमची गाय जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याने दाखवली. कासेचा आजार निघाला, औषधाने गाय बरी झाली. नातवाचा ताप तर आधीच उतरला होता. बागेच्या वाटपाचा दावा रीतसर चालला, त्याला वेळ लागला, तो लागतोच. पण त्या चतुर्थीला आजींच्या दारात भजन आलं. सगळे आले नाहीत. नऊ-दहा जणच होते. आजींनी मात्र पन्नास माणसांना पुरेल एवढी काळ्या वाटाण्याची उसळ करून ठेवली होती.

मॅजिकाला काय हवं होतं हे पोरांना पहिल्या भागातच कळतं, कारण तिला ते बोलून दाखवायला मिळतं. या आजींना काय हवंय हे गावात कुणी विचारलंच नव्हतं.

'डक टेल्स' 2017 साली नव्याने आली. माझ्या मुलीमुळे मी ती पाहिली. त्यात लीना नावाची एक मुलगी आहे. ती असते मुळात मॅजिकाची सावली, जादूने जिवंत केलेली आणि स्क्रूजच्या घरात हेरगिरीसाठी पाठवलेली. पण वेबी नावाची मुलगी तिच्याशी खरीखुरी मैत्री करते आणि ती सावली हळूहळू चेटकिणीपासून सुटी होते. माझी मुलगी म्हणाली, "तिला कुणीतरी घरात घेतलं ना, म्हणून ती चांगली झाली." मी म्हटलं, वकिलीची परीक्षा न देता पास झालीस.

कणकवलीला हे नवीन नाही. इथून हाकेच्या अंतरावर अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम उभा केला. ज्या कामाला लोक नाक मुरडत, ते भंगीकाम त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. ज्याला सगळे दूर ठेवतात त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, एवढं साधं ते शिक्षण होतं. चित्रकलेच्या बाईंनी आम्हाला तेच चाळीस चित्रांवरून शिकवलं.

तेव्हा मित्रांनो, आपल्या नातवंडांना, पोरांना चेटकिणीच्या गोष्टी जरूर सांगा. भरपूर घाबरवा, नाक लांब करा, आवाज काढा. मॅजिका दाखवा, चिंचीला न्या, दशावतार तर दाखवाच. फक्त गोष्ट संपली की दिवा लावा आणि सांगा की हे सोंग होतं. आपल्यातले पुष्कळजण मुंबईहून, पुण्याहून चतुर्थीला घरी येतात, भजनात टाळ हातात घेतात. यंदा वाडीत फिरताना एवढंच बघा की आपलं भजन कुठलं घर चुकवून पुढे जातंय. तसं घर असेल तर बुवांना थांबवा आणि पहिली गवळण त्याच दारात म्हणा. म्हणणार ना?

(सभागृहातून : "व्हय महाराजा!")

झालं तर मग. संयोजकांनी दिलेला वेळ संपला आणि उसळीचा विषय निघाल्यापासून मागच्या रांगा जेवणाच्या मांडवाकडे बघतायत.