उसाला जायच्या आधी आपला दावा सांभाळा

(पोळ्यानंतर झालेल्या तालुका मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी पाड्यावर वाचून दाखवावा.)



पोळा झाला. मुकादम पाड्यापाड्यावर फिरायला लागलेत. दसरा-दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर, सगळीकडून ट्रक भरून माणसं बारडोली-सुरतकडं ऊसतोडीला जाणार. होळीला काहीजण चार दिवस येतील, पण कारखाना बंद होईपर्यंत सुटका नाही. म्हणून आज उसाबद्दल बोलायचं आहे आणि जमिनीबद्दलही. दोन्ही एकच प्रश्न आहे.

मुकादम उचल कधी देतो? घरातलं धान्य संपलेलं असतं आणि नवं पीक अजून शेतात उभं असतं, तेव्हा. त्या वेळी आपण भाव करत नाही, मिळेल ते घेतो. समजा दहा हजार घेतले. कित्येक ठिकाणी फेड दीडपटीनं, म्हणजे पंधरा हजार. तिकडं खायला दिलेलं धान्य हिशोबातून कापतात. मजुरी टनावर, आणि वजनकाटा त्यांचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण वहीत नाव एकाचंच. हिशोब हंगामाच्या शेवटी. बाकी निघाली की पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. पोरांची शाळा बुडते ती वेगळीच.

तिकडं मजूर नाहीत म्हणून आपल्याला नेतात, असं सांगतात. ते खरं नाही. दक्षिण गुजरातेत हळपती आदिवासी पिढ्यानपिढ्या शेतमजूर आहेत. ऊस त्यांच्या गावाला लागून उभा आहे. तरी कारखाने लांबून माणसं आणतात. का? गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो. भाव पटला नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. आपण उचलीत बांधलेले, झोपडी रानात, रात्री गाडी आली तरी उठून भरतो. म्हणजे हळपतींना काम नाही आणि आपल्याला भाव नाही. स्वस्त साखरेचा खर्च असा दोन्हीकडच्या आदिवासींच्या अंगावर पडतो. हळपती भावांशी आपलं भांडण नाही, हे ध्यानात ठेवा.

आता इकडं काय होतं ते बघा. वनहक्काचा कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण कसत असलेली जमीन नावावर व्हायची, तीही नवरा-बायको दोघांच्या. पण दावा मंजूर करायला ग्रामसभा लागते. २०१२ च्या नियमाप्रमाणे निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि दाव्यांचा ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी पाहिजेत. समजा गावात ८० दावेदार आहेत आणि ५० उसाला गेले. उरले ३०. पाहिजेत ४०. ठराव होणार कसा?

स्थळपाहणीला माणसं आली आणि घराला कडी, शेत मोकळं, तर ‘ताबा दिसत नाही’ असा शेरा मारणं सोपं जातं. दावा नामंजूर झाला तर निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं. पण कागद घरी आला आणि धनी बारडोलीला असला, तर अपील कोण करणार? तीन पिढ्या लाठ्या खाऊन राखलेली नेवाडची जमीन अशी एका हंगामात हातची जाते.

कोणी जाऊच नका, असं आम्ही म्हणत नाही. पोट आहे. पण गावात काम मागायचा हक्क आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ सालचा. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. मजुरी वेळेवर मिळत नाही, हे आपल्याला माहीत आहे. त्यासाठीही लढावं लागेल. आणि जंगल गावाच्या ताब्यात आलं की काम गावातच निघतं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून गावानं आपला बांबू स्वतः विकला. तोडीची मजुरीही गावातच राहिली.

म्हणून प्रत्येक पाड्यानं दसऱ्याच्या आत एवढं करायचं:

१. ग्रामसभा आताच घ्यायची. स्थळपाहणी सगळे गावात असताना करा, असं लेखी मागायचं.

२. जो जाईल त्यानं आपला प्रतिनिधी कोण ते वनहक्क समितीला लिहून द्यायचं. दाव्याची पोच घरात ठेवायची, ट्रकमध्ये नाही.

३. नमुना ४ भरून सगळ्यांनी मिळून काम मागायचं. तारखेची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

४. उचल एकट्यानं घ्यायची नाही. पाड्यानं बसून मुकादमाशी भाव ठरवायचा. किती घेतले, कापणार किती, टनाला किती, हे चार माणसांसमोर लिहून घ्यायचं. बाईचं नावही वहीत पाहिजे.

भूक आहे तोवर मुकादम येत राहील. पण तो आला तेव्हा गाव एकत्र बसलेलं दिसलं, तर उचलीची बोलणी वेगळी होतील. पुढच्या महिन्यात प्रत्येक पाड्याच्या ठरावाची नक्कल तालुक्याला घेऊन या.

जिंदाबाद!