कर्जदाराचा वकील

बोरघाट चढून आगगाडी खंडाळ्यास आली कीं प्रवाशाची नजर दरीकडे वळते. या घाटमाथ्यावरून एके काळीं कायद्याचीही एक सीमा गेलेली होती, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठीं केलेला दख्खनचा कायदा १ नोव्हेंबर १८७९ रोजीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत अमलांत आला. मावळ तालुका पुणें जिल्ह्यांतला. म्हणून खंडाळ्याचा भातशेती करणारा कुणबी पैशाच्या हुकूमनाम्यापायीं तुरुंगांत जाण्याच्या भयांतून सुटला. घाट उतरून खोपोलीस गेलें कीं हें संरक्षण संपत असे. इतकेंच नव्हे, खंडाळ्यांत त्याच्या शेजारीं राहणाऱ्या दुकानदारासही तें नव्हतें. कायदा शेतीवर पोट असणाऱ्यांपुरताच होता. पुढें त्याची व्याप्ति वाढत गेली, ती गोष्ट निराळी.

हा कायदा झाला तो दंग्यामुळें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ पासून १८६५ पर्यंत, इकडील कापसाचा भाव चढला व सावकारांनीं हात सैल सोडला. युद्ध संपतांच भाव कोसळला, आणि त्याच सुमारास फेरपाहणी होऊन कित्येक तालुक्यांचा सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें लोकांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला आणि पाहतां पाहतां हें लोण आसपासच्या गांवांत पसरलें. लोकांना मुख्यतः पाहिजे होते ते कागद. खतें व हुकूमनामे हातीं लागले कीं त्यांची होळी होई. माणसांवर हात टाकल्याचे प्रकार त्या मानानें थोडे.

कागदांवरच हा राग कां, हें समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावर तीन वर्षांच्या आंत दावा लावणें सावकारास भाग झालें. जुनीं देणीं उकरून काढून कुळांना छळूं नये, हा त्यांतील सद्धेतु. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत भरत आली कीं सावकार नवें खत लिहून घेई आणि साचलेलें व्याज त्यांत मुद्दल म्हणून मांडी. शेंकडा २४ व्याजानें घेतलेल्या शंभर रुपयांचे तीन वर्षांनीं १७२ झाले. १७२ चें नवें खत, त्याचे आणखी तीन वर्षांनीं सुमारें २९६. तिसऱ्या खताच्या अखेरीस ५०८ हून अधिक. व्याज मुद्दलापेक्षां जास्त घेऊं नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रांतला, आणि मुंबई इलाख्यांतील कोर्टांनीं तो मानलेलाही होता. परंतु नव्या खतानें व्याजाचेंच मुद्दल झाल्यावर दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! कोर्टापुढें येई तें शेवटचें खत. सही किंवा अंगठा खरा, साक्षीदार हजर. न्यायाधीशानें अधिक काय पाहावें?

त्यांतही कूळ कोर्टांत हजर असेल तर. दंग्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळास असें आढळून आलें कीं, बहुतेक दावे एकतर्फी निकालांत निघत. कोणाला समन्स पोंचलेलें नसे. कोणाला पोंचलें तरी त्यांतील मजकूर वाचतां येत नसे. आणि ज्याला सर्व कळे तोही, तेथें जाऊन आपलें कोण ऐकणार, म्हणून घरीं बसे.

१८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाण्यास सांगितलें, हें त्याचें खरें वैशिष्ट्य. पहिला पैसा केव्हां दिला, किती दिला, परत किती आला, धान्याच्या रूपानें काय वळतें झालें, हें सर्व मुळापासून उकलावयाचें, आणि नंतर देणें ठरवावयाचें. तें हप्त्यांनीं फेडण्याची सवलतही न्यायाधीशास देतां येई. सावकारानें पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, शेतकऱ्याचें खत सरकारी निबंधकासमोरच व्हावें, असे नियम झाले. यांहून कमी परिचित, पण अत्यंत शहाणपणाची अशी एक तरतूद त्यांत होती. सावकारातर्फे वकील उभा असेल आणि शेतकऱ्यास वकील देण्याची ऐपत नसेल, तर त्या शेतकऱ्याच्या संमतीनें न्यायाधीशानें सरकारी वकिलास अथवा दुसऱ्या योग्य व राजी असलेल्या गृहस्थास त्या शेतकऱ्याची बाजू मांडण्यास सांगावें. गरीब ऋणकोस फुकट वकील मिळावा, ही कल्पना आजकालची नव्हे.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८९३ सालीं हायकोर्टांत जाण्यापूर्वीं कित्येक वर्षें याच कायद्याचें काम पाहिलें. गांवोगांव हिंडून खालच्या कोर्टांचीं दप्तरें तपासावयाचीं व चुकीचा निकाल दिसल्यास तो दुरुस्त करावयाचा, असें तें काम होतें. त्यांच्याही आधीं, १८७६ सालीं, सार्वजनिक काकांच्या सार्वजनिक सभेनें पुण्यांत लवाद कोर्ट काढून कज्जे आपसांत मिटविण्याचा उपक्रम केला होता. वकिलांनींच पुढाकार घेऊन लोकांना कोर्टाच्या पायरीपासून दूर ठेवावें, हें त्या पिढीलाच सुचलें!

कायद्याला पळवाट मात्र लगेच सांपडली. गहाणखताचा हिशेब उकलला जातो असें पाहतांच सावकार गहाणाऐवजीं थेट खरेदीखत लिहून मागूं लागले. पैसे परत आले म्हणजे जमीन परत देऊं, हें केवळ तोंडी. पुढें दुरुस्ती होऊन अशा खरेदीखताच्या आड गहाण आहे काय, हें पाहण्याची मुभा कोर्टांना मिळाली. ही युक्ति अजून जुनी झालेली नाहीं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानें, अवैध सावकारीच्या ओघांत मागील १५ वर्षांत बळकावलेली स्थावर मिळकत मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांस दिला आहे, तो याच कारणानें. ज्या तालुक्यांत जमिनीला सोन्याचा भाव आला, तेथें तर असल्या खरेदीखताकडे दुप्पट संशयानें पाहावें.

आतां खंडाळ्याचाच, पण आजचा गृहस्थ घेऊं. शेती नाहीं, बँकेकडून कर्ज काढून बांधलेलें चार खोल्यांचें घर आहे. दिवाणी कायद्यानें शेतकऱ्याचें व मजुराचें राहतें घर साध्या देण्यापायीं जप्त होत नाहीं. या गृहस्थास तें कवच नाहीं, आणि घर त्यानें स्वतःच तारण लिहून दिलेलें. हप्ता ९० दिवसांवर थकला कीं खातें अनुत्पादक ठरतें. मग २००२ च्या कायद्यान्वयें बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर, कोर्टांत दावा न लावतांही, घराचा ताबा घेण्याकडे वळते.

सुशिक्षित मनुष्य अशी नोटीस वाचूं शकतो, आणि तरीही तो पाकीट कपाटांत ठेवून देतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळूं नये, हीच त्याला पहिली चिंता. १८७५ चें कूळ अज्ञानामुळें गैरहजर राहिलें. हा लाजेमुळें राहतो. वास्तविक त्या ६० दिवसांत लेखी हरकत पाठविली तर १५ दिवसांच्या आंत कारणांसह उत्तर देणें बँकेवर बंधनकारक आहे. ताब्याची कारवाई झाल्यावर ४५ दिवसांच्या आंत पुण्याच्या ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. मूळ कायद्यांत या दादेसाठीं मागणीच्या ७५ टक्के रक्कम अगोदर भरण्याची अट होती. म्हणजे बुडणाऱ्यानें आधीं कांठावर यावें, मग दोर मिळेल! सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं ती घटनाबाह्य ठरवून काढून टाकली.

परंतु न्यायाधिकरणापुढें काय विचारतां येतें, हें आधीं जाणलें पाहिजे. व्याजाचा दर जबर आहे, एवढ्याच कारणासाठीं बँकेचा व्यवहार कोर्टानें पुन्हा उकलूं नये, असें १९८४ पासून कायद्यांत आहे. म्हणजे सावकाराच्या खतामागें जातां येतें, तसें बँकेच्या दरामागें जातां येत नाहीं. आणि हा भेद निर्दोष आहे असें म्हणवत नाहीं. तथापि हिशेब बरोबर आहे काय, नोटीस रीतसर लागू झाली काय, मुदती पाळल्या काय, हें सर्व विचारतां येतें. दंडाची रक्कम व्याजाच्या दरांत मिसळूं नये व तिच्यावर पुढें व्याज चढवूं नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. खात्याचा उतारा मागवून दंडाचे रकाने तपासण्यास तेवढेंच कारण पुरें. वसुलीच्या माणसानें सकाळीं ८ पूर्वीं व सायंकाळीं ७ नंतर फोन करूं नये, असेंही तिनें २०२२ सालीं बजावलेलें आहे.

वकील कोठून आणावा? १९८७ चा विधि सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आहे. मावळकरांस त्यासाठीं वडगांवच्या न्यायालयांतील तालुका समितीकडे किंवा पुण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करतां येतो. ठरीव मर्यादेखालीं उत्पन्न असणारांस फुकट वकील मिळतो. पण स्त्रीस, अनुसूचित जाति-जमातींच्या व्यक्तीस आणि अपंगास उत्पन्नाची मर्यादाच नाहीं. पुष्कळ घरांत कर्जाच्या कागदांवर पतीबरोबर पत्नीचीही सही असते. नोटीस तिच्याही नांवें आलेली असते, आणि वकील मागण्याचा हक्क तिला स्वतःचा आहे, ही गोष्ट मध्यमवर्गीय कुटुंबांत कोणी सांगत नाहीं. बँकेशीं तडजोड होण्यासारखी असेल तर लोकअदालतीचा मार्ग आहे. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाहीं. म्हणून तेथें सही करण्यापूर्वीं हप्ता खरोखर झेपेल काय, हें घरीं बसून दोघांनीं मांडून पाहावें.

राहतां राहिली घर सोडवून घेण्याची शेवटची घटका. पूर्वीं विक्री पुरी होईपर्यंत सर्व रक्कम भरून तारण सोडवितां येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनें हा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच ठेवला, आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच अर्थ लावला. सूचना वर्तमानपत्रांत छापून आल्यानंतर पैसे घेऊन धांवत गेल्यास, ते स्वीकारणें बँकेवर बंधनकारक राहत नाहीं.