अंगठा आणि हयातीचा दाखला
(भोईवाडा येथील भाषणाचा गोषवारा)

साथींनो, १९८२ च्या संपानंतर जे गिरणी कामगार पुन्हा साच्यावर उभे राहिले आणि १९९५ नंतर गिरण्या बंद पडताना बाहेर फेकले गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची तुटपुंजी रक्कम पडते. तिची किमान मर्यादा २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरली. या रकमेसाठी त्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते!

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय व्यवस्था आली. यंत्रावर बोट टेकवले की दाखला तयार. कोकणात गावी राहणाऱ्या म्हाताऱ्याची मुंबईची खेप वाचली. ही सोय नाकारण्यात काही पुरोगामीपणा नाही.

परंतु ज्या बोटांनी तीस-तीस वर्षे तुटलेले धागे सांधले, त्यांच्यावरच्या रेषा वयाने आणि श्रमाने पुसट होतात. यंत्र अंगठा नाकारते. पूर्वीचा कारकून खेकसत असे, पण त्याच्याशी निदान भांडता येई. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय निघाली. तिला स्मार्टफोन लागतो, आणि तो बहुधा नातवाच्या खिशात, नातू कामावर.

म्हणून मागणी यंत्र हटविण्याची नाही. दोनदा अंगठा नाकारला गेला, की समोरच्या अधिकाऱ्याने माणूस पाहून कागदावर सही करावी, आणि तोवर कोणाचेही निवृत्तिवेतन अडवू नये.