हरलेल्या संघाचा पुढचा सामना



मघाशी फुटबॉलच्या संघाला बक्षीस देताना मी कर्णधाराला विचारलं, "या वर्षी किती सामने खेळलात?" तो म्हणाला, "तालुक्याला दोन जिंकलो, जिल्ह्याला एक हरलो." म्हणजे तीन. जून ते डिसेंबर रोज संध्याकाळी सराव केला आणि सामने मिळाले तीन. आज मला याच विषयावर बोलायचं आहे.

दोष या मुलांचा नाही आणि क्रीडाशिक्षकांचा तर मुळीच नाही. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढती वाट असते आणि कुठेही एकदा हरलं की वर्ष संपतं. सुब्रतो चषक १९६० पासून चालू आहे. हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाच्या या स्पर्धेनं देशाला कितीतरी खेळाडू दिले आणि तिच्याबद्दल मला फार आदर आहे. पण हिशेब करून पाहा. आठ शाळांची बाद स्पर्धा घेतली तर एकूण सात सामने होतात आणि चार शाळा एकेक सामना खेळून घरी जातात. त्याच आठ शाळांची साखळी घेतली, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं ठरवलं, तर अठ्ठावीस सामने होतात. सगळ्यांत शेवटी राहिलेला संघही सात सामने खेळतो.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. सामना हरल्यावर मुलाला आपलं काय चुकलं ते कळतं. पुढच्या शनिवारी तो ते सुधारून पाहतो. बाद पद्धतीत तो पुढचा शनिवारच नसतो. शिवाय हरलो की संपलं, या धाकानं शिक्षक वर्गातली उंच आणि दांडगी मुलं मैदानात उतरवतात. लहानखुरा, पण चेंडू पायाला चिकटलेला मुलगा कडेला बसून राहतो. सात सामने हातात असले की शिक्षकालाही धीर येतो आणि त्या मुलाला संधी मिळते.

देशपातळीवर हे आता ओळखलं गेलं आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ वयोगटांच्या लीग चालवतो: सब-ज्युनियर, ज्युनियर आणि एलिट. मान्यताप्राप्त अकादमी आणि क्लब आधी आपापल्या विभागाच्या गटात खेळतात, म्हणजे लहान मुलांना फार लांबचा प्रवास पडत नाही. गटातून वर आलेले संघ शेवटच्या फेऱ्यांना एकत्र येतात. त्याच्या वरच्या वयासाठी २०२२ मध्ये गोव्यात रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी बंगळुरू एफसीनं ती जिंकली. मुलींसाठी खेलो इंडियाच्या अस्मिता लीग आहेत. तेराव्या वर्षी शिरलेला मुलगा विशीपर्यंत दरवर्षी आपल्याच वयाच्या मुलांशी खेळत राहील, अशी ही रचना आहे.

लहानपणापासून असं खेळत राहण्याचं महत्त्व २०१७ मध्येच साऱ्या देशानं पाहिलं होतं. १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपले तिन्ही सामने दिल्लीत होते. अमेरिकेविरुद्ध आपण ०-३ हरलो. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर डोकं लावून गोल केला आणि विश्वचषकात भारताचा पहिला गोल नोंदला गेला. तोही सामना १-२ असा गेला, मग घानाकडून ०-४. त्या संघात आपल्या महाराष्ट्राची दोन मुलं होती. एक कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. दुसरा नमित देशपांडे, जन्म मुंबईचा, पण वाढला अमेरिकेत, न्यू जर्सीत. अनिकेत ज्या शहरातून आला तिथे तालमींचे संघ आहेत, पाटाकडील आणि दिलबहार या नावांवर पेठा भांडतात आणि शाहू स्टेडियम भरून वाहतं. फुटबॉल रोजच्या जगण्यात असेल तर मुलगा कुठून कुठे जातो, ते त्यानं दाखवलं.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. शाळाशाळांत चेंडू आले. तो दिवस सुंदर होता, पण सोळा सप्टेंबरला कुणाशी खेळायचं ते ठरलेलं नव्हतं. मला वाटतं, आपली खरी उणीव हीच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत रायगडची लोकसंख्या सव्वीस लाखांच्या वर होती आणि अख्ख्या मिझोराम राज्याची अकरा लाखांच्या आत. त्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीनं २०१७ मध्ये आय-लीग जिंकली आणि देशातल्या मोठमोठ्या क्लबांना मागे टाकलं. तिथे लहान मुलांच्या लीग गल्लोगल्ली चालतात आणि त्या पाहूनच महासंघानं सहा-सात वर्षांच्या मुलांपासून सुरू होणाऱ्या बेबी लीग देशभर नेल्या. आपल्याकडे खारघरला सिडकोचं फुटबॉल केंद्र आहे. त्याच्या पलीकडे घणसोलीला रिलायन्सची निवासी अकादमी आहे आणि नेरूळच्या मैदानावर २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं. पण रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन इथल्या मुलासाठी हे सगळं अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर आहे. राष्ट्रीय लीगच्या वरच्या पायऱ्या बांधून झाल्या आहेत, आपल्या दारातली पहिली पायरी मात्र नाही. ती दिल्लीहून कुणी येऊन बांधणार नाही आणि तशी वाट पाहण्याचं कारणही नाही.

कारण आपल्याकडे मैदान आहे. भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात. आणि ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण आहे, जिच्यावर चेंडू छान पळतो. वेळ कशी धरायची, हे कोळीवाड्यातल्या आजोबांना विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी खूप आत गेलेलं. याचा अर्थ द्वितीया ते पंचमी सकाळी आणि त्रयोदशी ते पौर्णिमा-अमावास्या दुपारनंतर आपल्याला फुकटचं, लांबरुंद मैदान मिळतं. शनिवार-रविवार या तिथींना जुळवले तर महिन्याला दोन फेऱ्या सहज बसतात.

प्रवासही आपल्याजवळ आहे. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते, रेवसहून करंजाला बोट जाते. मुरूडचा संघ खाडी ओलांडून श्रीवर्धन तालुक्यात खेळायला गेला आणि पुढच्या महिन्यात तिथला संघ इकडे आला, की झाली आपली लीग. कबड्डीचे सामने गावोगावची मंडळं किती नेटानं भरवतात, ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच मंडळांना लहान मुलांचा हंगाम चालवणं मुळीच जड नाही.

काही गोष्टी मात्र मी आग्रहानं मागणार आहे. दहा वर्षांखालच्या मुलांचा गुणतक्ता ठेवू नका. पाच-पाच जणांचे संघ करा, मुलं-मुली एकत्र खेळवा आणि प्रत्येकाला मैदानात उतरवा. नॉर्वेसारख्या देशात अकरा वर्षांच्या आधी तक्ता नाही आणि तेरा वर्षांच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. प्रसिद्ध फुटबॉलपटू अर्लिंग हालांड तिथल्याच ब्रूना नावाच्या लहान गावातल्या क्लबात वाढला.

पालकांनो, वय खरं सांगा. मुलगा एक वर्षानं लहान दाखवला तर तेराव्या वर्षी तो चषक आणील, पण त्याच्या वयाचे सगळे तोवर त्याच्या पुढे गेलेले असतील. वर गेल्यावर मनगटाच्या हाडाची तपासणी होते. २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात एमआरआय वापरलं जातं. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात खेळतात, तेव्हा जवळजवळ एक वर्षाचा फरक आधीच असतो. डिसेंबरच्या मुलाला त्यात आणखी खोट्या दाखल्याशी झगडायला लावू नका.

आणि दहावी. पंधराव्या वर्षी आपण मुलांचे बूट माळ्यावर टाकतो. नेमकं त्याच वयात राष्ट्रीय लीगचा वरचा गट सुरू होतो. पंधरवड्याला एक सामना म्हणजे दोन तास. ते दोन तास अभ्यासातून गेले म्हणून कुणी नापास होत नाही, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवताना पाहिलं आहे.

मुख्याध्यापिका बाई, जानेवारी ते एप्रिल या महिन्यांचं तिथीप्रमाणे वेळापत्रक मी करून आणलं आहे. चार शाळा, प्रत्येकीशी दोनदा, म्हणजे प्रत्येक संघाला सहा सामने. गट तीन ठेवले आहेत: दहा, तेरा आणि पंधरा वर्षांखालचे. वार्षिक परीक्षेचा पंधरवडा मोकळा सोडला आहे. तेरा वर्षांखालच्या गटासाठी चार नंबरचे चेंडू मी देतो. उरलेल्या तीन शाळांना आपण पत्र लिहावं, मी स्वतः ते घेऊन जाईन. पंच म्हणून नववीतल्या मुलींची नावं आधी घ्या; नियम शिकवायला मी पुढच्या शनिवारी साडेआठला इथे येतो. पालकांनी त्या दिवशी मुलांबरोबर जन्मदाखल्याची प्रत पाठवावी.