सुटकेची तयारी

बाळंतपणासाठी मराठीत एक फार बोलका शब्द आहे, सुटका. 'सुटका झाली का?' असं बायका विचारतात. 'मोकळी झाली' असंही म्हणतात. आमच्या घरात 'जचकी' हा शब्द होता, फारसीतल्या 'जच्चा'वरून आलेला. यातल्या कुठल्याच शब्दात पास-नापास नाही. ते आलं 'नॉर्मल' या शब्दाबरोबर. आता बाळ-बाळंतीण कशी आहे हे विचारण्याआधी 'नॉर्मल की सिझर?' असं विचारलं जातं. योगासनांनी आणि मनाच्या सरावानं बाळंतपणाची तयारी करून घेणारे वर्ग शहरोशहरी निघाले आहेत. त्या तयारीतून नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आज बोलायचं आहे.

ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1933 साली याविषयी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, भीतीनं अंग आखडतं, आखडलेल्या अंगाला वेदना जास्त होते, आणि वेदनेनं भीती आणखी वाढते. पुढे फ्रान्सचे डॉक्टर फर्नांद लामाझ यांनी 1951 साली सोव्हिएत रशियात अशी तयारी पाहिली आणि ती पॅरिसला नेली. वेदना बहुतांशी भीतीतूनच येते, हे डिक-रीड यांचं मत आज तसंच्या तसं कोणी मानत नाही. कळा खऱ्याच असतात. पण भीती त्यांना खतपाणी घालते, हे खरं आहे. घाबरल्यावर अंगात ॲड्रिनॅलिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येऊ शकतो.

मग तयारी कशाची? आधी शरीराची. बद्धकोनासनात तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडायचे, मांड्या आणि कटी सैलावतात. मार्जरासनात हातापायांवर येऊन पाठ हलकेच वर-खाली करायची, दुखऱ्या कंबरेला बरं वाटतं. चक्कीचालनासन तर थेट आपल्या जात्यावरून आलेलं. समोर जातं आहे असं धरून दोन्ही हात गोल फिरवायचे. पुण्यात गीता अय्यंगार गरोदर स्त्रियांना आसनं शिकवत, तेव्हा लोड, खुर्ची, भिंत यांचा आधार घ्यायला सांगत. या दिवसांत अंगाशी झुंजायचं नसतं, त्याला टेकू द्यायचा असतो.

हे सगळं डॉक्टरांना विचारून आणि जाणत्या शिक्षिकेकडूनच. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, रक्तदाब वाढला असेल किंवा दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका असेल, तर आपल्या मनानं काही करायचं नाही. कपालभाती नको, श्वास रोखून धरणं नको. शेवटच्या महिन्यांत फार वेळ उताणं पडायचं नाही. शवासनसुद्धा डाव्या कुशीवर. आणि अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर सतरंजी गुंडाळायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

आता मनाची तयारी. कळ सलग येत नाही. ती चढते, साधारण मिनिटभर राहते, उतरते, आणि मग विसावा मिळतो. भ्यालेली बाई त्या विसाव्यातही पुढच्या कळेची वाट बघत बसते आणि दमून जाते. वर्गात यासाठी एक साधा प्रयोग करून घेतात. मुठीत मिनिटभर बर्फाचा खडा धरायचा. पहिल्यांदा नुसताच. दुसऱ्यांदा खांदे आणि जबडा सैल सोडून, चार मोजत श्वास घेत, सहा मोजत सोडत. बर्फ तितकाच गार असतो, पण या वेळी धरवतो. हेच रोज थोडं थोडं केलं की ऐनवेळी शिकवावं लागत नाही. आणि हा सराव आईसाठी असतो. त्यातून बाळ हुशारच निपजेल, अशी हमी देणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेलं बरं.

कुराणातल्या 19व्या सूरहला मरियमचं नाव आहे. कळा सुरू झाल्यावर ती एकटीच खजुराच्या बुंध्याशी येते. याआधीच मेले असते तर बरं, असं तिला वाटतं. इतक्या मोठ्या पावित्र्याच्या बाईलाही तसं वाटलं, आणि ग्रंथानं ते लपवलं नाही. मग एक आवाज तिला धीर देतो. पायाशी झरा आहे, बुंधा हलव, खजूर पडतील, खा, पी, शांत हो. आधाराला झाड, प्यायला पाणी, खायला गोड आणि धीराचा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली प्रसूतीविषयी शिफारशी केल्या. विशेष धोका नसेल तर कळांच्या काळात खाऊ-पिऊ द्या, हिंडू-फिरू द्या, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या, असं त्यात आहे. तासाला एक सेंटिमीटर पिशवीचं तोंड उघडलंच पाहिजे, हा हट्टही धरू नका, असं त्यात सांगितलं आहे. सतत कुणी सोबत असलं तर कळांचा काळ थोडा कमी होतो आणि शस्त्रक्रियेची शक्यताही घटते, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळदा आईला नि नवऱ्याला दाराबाहेर उभं करतात.

'पूर्वीच्या बाया दळता दळता बाळंत व्हायच्या' हे ऐकायला छान वाटतं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. 2018-20च्या पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू नोंदले गेले, देशात 97. हा आकडा इतका खाली आला त्यात रक्तपेढी, औषधं, कुशल हात आणि वेळेवर झालेलं सिझेरियनही आहे.

दुसरी बाजूही बघा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, खासगीत 47.4 टक्के. एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीमुळे पडली असेल, असं वाटत नाही. म्हणून तयारीत आणखी एक गोष्ट हवी, प्रश्न विचारण्याची. सिझर कशासाठी? थांबलं तर काय होईल? बाळाचे ठोके कसे आहेत? शांत श्वास घेता येणाऱ्या बाईला हे प्रश्न आठवतात, आणि उत्तर पटलं तर होकारही ती धीरानं देते.

नियमित सराव करूनही कुणाचं सिझर होतं. कुणी कळा असह्य झाल्या म्हणून भूल मागते. तिथे तिची मेहनत वाया गेली नाही. तिनं जो श्वास शिकला तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरही कामाला येतो, आणि नंतर रात्री-अपरात्री बाळ रडतं तेव्हाही. ऐकणाऱ्या आयांना, सासवांना, मावश्यांना माझी एवढीच विनंती आहे. बाळंतविडा घेऊन जाल तेव्हा टाके कुठे पडले हे विचारू नका. बाळाला जरा वेळ तुमच्या मांडीवर घ्या आणि तिला झोपू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)