रक्त पुन्हा मागा

पदवीधरांनो, अभिनंदन मघापासून तीनदा झालंय. चौथं माझं धरा आणि बसून घ्या.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. पेपरात औषधांचं कौतुक आलं. पण लक्षणं गंभीर नसली तर गोळी कुणाला द्यायची हे रक्तातल्या सीडीफोर पेशींच्या आकड्यावर ठरायचं. २०० च्या खाली आला तर गोळी, २३० आला तर 'काही महिन्यांनी या'. तो आकडा काढणारी यंत्रं तेव्हा मोजकी. मी होते घाटावरच्या एका प्रयोगशाळेत, आणि माझ्या माहेरचं, मालवण भागातलं रक्त एसटीने फोंडा घाट चढून माझ्या टेबलावर यायचं.

एका जुलैत डबा उघडला तर ट्यूबा बर्फाच्या चुऱ्यात! सीडीफोरचं रक्त बर्फात घालायचं नसतं. ते खोलीच्या तापमानालाच ठेवून ४८ तासांच्या आत यंत्रावर जायला हवं. खाली फोन लावला, तर डबा भरणारा शिपाई अभिमानाने म्हणतो, "मॅडम, बर्फ मीच घातलंय, कायएक खराब होवचा नाय!" त्याच्यावर काय रागावणार? मालवणात टिकवायची ती वस्तू बर्फात जाते, सुरमई तशीच मुंबईला पोचते. प्रशिक्षण झालं होतं म्हणे. हॉटेलात, साहेबांचं, बॅग आणि फाइल देऊन. डबा ज्याच्या हातात, त्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

मी ते नमुने नाकारले. वरिष्ठ म्हणाले, "यंत्र आकडा देतंय ना? मग द्या की. लोक मजुरी बुडवून आलेत." यंत्र तर आकडा देणारच! रक्त कुठून कसं आलं हे त्याला कुठे ठाऊक? मी सही केली नाही. त्यातली एक बाई पुन्हा रक्त द्यायला आली तेव्हा त्या खेपेच्या खर्चावरून मला तोंडावर बोलली, आणि तिचं बरोबरच होतं. तिचा आकडा मी आजही सांगणार नाही. आपल्याकडे वाडीतलं माणूस मुंबईहून चार दिवस आधी आलं तरी चर्चा होते, तिथे रिपोर्ट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

गाऱ्हाणी आणखी आहेत. यंत्र आलं की फीत कापतात, फोटो निघतो. रिएजंट संपल्यावर तेच यंत्र कापड पांघरून बसतं, तेव्हा फोटोवाला फिरकत नाही. आणि आम्ही कंत्राटी. दर वर्षी ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. डॉक्टरांना शाल, आम्हाला "लॅबवाले".

तर, २०१७ पासून सीडीफोर कितीही असो, निदान झालं की उपचार. २०१८ पासून कार्यक्रमात व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजण्याची, नियमित चाचणी आली, आणि १,००० हा आकडा महत्त्वाचा झाला. इथे धोका जास्त आहे. विषाणूचा आरएनए नाजूक असतो. प्लाझ्मा वेळेत वेगळा केला नाही, थंड ठेवला नाही, तर आरएनए तुटतो आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. म्हणजे औषध लागू पडत नसतानाही रिपोर्ट म्हणणार, छान चाललंय! बर्फाचा नियम उलटा झाला बघा, आणि खाली कुणाला सांगितलंय का, देव जाणे.

बाळांचं तर रक्त टाचेतून घेऊन कागदी कार्डावर वाळवतात. त्याला बर्फ लागत नाही, पाकिटातून जातं. पण नीट वाळायला तास लागतात, आणि आषाढात आपल्याकडे काय वाळतं? कार्डाबरोबर ओल शोषणाऱ्या पुड्या घालायला विसरू नका.

आता तुम्हाला बांद्यापलीकडे वेर्ण्याला बनणारं ट्रूनॅट यंत्र मिळेल. बॅटरीवर चालतं, टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. घाट चढायला नको, उत्तम. पण शंका आली तर आकडा देऊ नका, रक्त पुन्हा मागा. साहेब ओरडतील, रुग्ण ओरडेल, तरी मागा. नाकारण्याचं कारण रजिस्टरात तारीख-वेळेसह लिहा आणि त्याच दिवशी डबा भरणाऱ्याला फोन करा. साहेबाला नंतर.